मृतांच्या रविवाराआधीचे दिवे

रोटेनबाख, २ ऑक्टोबर

प्रिय रोसविथा,

फळं धरली आहेत. आधी एवढंच वाच, मग खुर्चीत बस आणि पुढचं वाच.

मे महिन्यात तू पाकिटातून नर-फुलाचा पिवळा भुगा पाठवला होतास. तो मी रंगाच्या ब्रशने माझ्या पामच्या फुलोऱ्यावर झटकत होते, तेव्हा शेजारच्या बागावाल्यांची सगळी वसाहत कुंपणाला रेलून हसत होती. "गेर्लिंडे, नारळाचं पाणी कधी पाजणार?" आता त्याच फुलोऱ्याचे तीन घोस झालेत. दाणे वाटाण्याएवढे, हिरवेगार आणि घट्ट. जुलैपासून मला माहीत होतं, पण गळून पडले असते तर तू पुढची दहा वर्षं मला चिडवलं असतंस, म्हणून गप्प राहिले.

आता तुझं वचन. माझ्या साठीला, तुझ्याच अंगणात, सगळ्या पाहुण्यांदेखत तू म्हणाली होतीस, "तुझ्या त्या गारठ्यात पामला पिकलं फळ धरेल ना, त्या दिवशी मी घरी येईन. भर हिवाळ्यात येईन!" सगळे हसले. मी हसले नव्हते. मी परत आले आणि झाडाला शेणखत घातलं.

तू थंडीला शिव्या देत घर सोडलंस त्याला आता पस्तीस वर्षं होतील. आजवर दरवर्षी मीच खाली तुझ्या तळ्याकाठी येत राहिले. पण ऑगस्टमध्ये माझा खुबा बदलला, दुसराही कुरकुरतोय, आणि पाच गाड्या बदलत आल्प्स ओलांडणं आता मला झेपणार नाही. म्हणजे सरळ सांगायचं तर तू वर आली नाहीस, तर आपण दोघी यापुढे पाकिटातूनच भेटणार. म्हणून हे घोस मला पिकवायचेच आहेत. डिसेंबरपर्यंत तग धरला की झालं. थंडी दरवर्षीसारखी नोव्हेंबरअखेर आली तर माझी तयारी चोख असते, हे तुला माहीत आहे.

फियोरेन्झो भावजींना नमस्कार सांग आणि त्यांना सांग, पैज लागली आहे.

तुझी धाकटी,
गेर्लिंडे


रोंकेटो, ९ ऑक्टोबर

प्रिय गेर्लिंडे,

तुझं पत्र आलं तेव्हा फियोरेन्झो शिडीवर चढून छपराच्या पन्हळीतून पामची रोपं उपटत होता. पक्षी बिया खातात आणि आमच्या डोक्यावर पेरतात. चेस्टनटच्या रानात, स्मशानाच्या भिंतीत, पोस्टाच्या पायरीच्या फटीत, जिथं बघावं तिथं हे भूत उगवतं. गावाने माणसं लावलीत उपटायला. मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं, तर म्हणाला, "तुझी बहीण जे गोधडीत गुंडाळते ते मी कचऱ्यात टाकतो. तिला सांग, ट्रक भरून पाठवतो." पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

भुगा मी पाठवला तो तू तोंड बंद करावंस म्हणून. त्यातून काही निघेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आणि वचनाचं म्हणशील, तर मी "पिकलं फळ" म्हटलं होतं. हिरवं चालणार नाही. पिकलं म्हणजे निळं-काळं, जांभळासारखं, वर पांढरी भुकटी धरलेलं. आपल्या घराण्यातली लबाडी मला ठाऊक आहे. शाई लावून पाठवलंस तर मला कळेल.

मी त्या गावात थंडीचा कोटा संपवून आले. पहाटे कोळशाच्या बादल्या, आतून गोठलेल्या खिडक्या, पायांना पडलेल्या भेगा. माझ्याकडे बर्फाचे बूटसुद्धा नाहीत. तेव्हा उगाच आस लावून बसू नकोस, असं थोरली म्हणून सांगते.

एक मात्र लक्षात ठेव. घाईघाईने गुंडाळू नकोस. ऊन असताना कोंडलंस तर मधला कोंब सडेल. हे मला कसं माहीत, विचारू नकोस. सहज वाचलं कुठेतरी.

तुझी रोसविथा

ता. क. शिडीवर चढू नकोस. नव्या खुब्याने तर मुळीच नाही.


रोटेनबाख, २९ ऑक्टोबर

प्रिय रोसविथा,

थंडी आली. सफरचंदं अजून फांद्यांवर आहेत, डेलिया फुललेले, आणि रेडिओवरचा बाबा म्हणतो ध्रुवाकडून वारा निघालाय. महिनाभर आधी! शेडमध्ये जाऊन बघते तर दरवर्षी खोडाभोवती गुंडाळते ती गरम दिव्यांची नळी उंदरांनी कुरतडून ठेवलेली.

कुबडी टेकत मी बागेत उभी राहिले आणि मला रडू आलं. तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज, "हे झाड वाढलंय. नियमात बसत नाही." आमच्या बागांच्या वसाहतीचे अध्यक्ष, वाइगेल्ट. खिशात घडीची मोजपट्टी घेऊन फिरतात, कुंपणाची मेंदी बोटभर वाढली तरी चिठ्ठी लावतात. माझ्या पामशी तर त्यांचं जुनं वैर. मी म्हटलं, "वाइगेल्ट, आजच्या दिवस मोजू नका. दोन दिवसांत ते आपोआप लहान होणार आहे."

ते निघून गेले. मला वाटलं, चिठ्ठी आणायला गेले. तासाभराने शिडी, गोणपाट, सुतळी आणि एक भला मोठा खोका घेऊन परत! म्हणाले, "हे मेलं तर मी मोजायचं काय?" मग एका तासात त्यांनी झावळ्यांची मोट वर बांधली, घोसांना पांढऱ्या कापडाच्या टोप्या घातल्या, बुंध्याशी सुक्या पानांचा ढीग लावला, केळींना पोत्यांत कोंबलं. आणि खोक्यातून नवीकोरी दिव्यांची नळी काढून खालपासून वरपर्यंत वेटोळी घातली. त्यांना तिचं कोण कौतुक! "आधुनिक आहे. पूर्ण हिवाळा लावून ठेवा, वीज खातच नाही!" त्यावर गोणपाट चढवलं.

पहिल्या पहाटे उणे तीन झालं. सकाळी गोणपाट सोडून हा फोटो काढला, सोबत पाठवते. बघ कसं दिसतंय! निळसर दिवे आणि सगळ्यावर साखर पेरल्यासारखं गोठलेलं दंव. घोस शाबूत आहेत. पुढच्या शनिवारी फार वाईट थंडी येणार म्हणतात, उणे दहाच्याही खाली. येऊ दे. आता मी निर्धास्त आहे.

तुझी,
जिंकत आलेली गेर्लिंडे


रोंकेटो, ३ नोव्हेंबर

गेर्लिंडे,

हे पत्र तुला फोननंतर मिळेल. फोन फक्त मरणाची बातमी द्यायला करायचा, हा माझा नियम, म्हणून तू उचलल्या उचलल्या "भावजी गेले का?" असं किंचाळलीस. फियोरेन्झो शेजारीच मक्याचा पोलेंटा खात बसला होता. त्याने ऐकलं. तो अजून दुखावलेला आहे.

आणि मग मी ओरडले आणि फोन आपटला. त्याबद्दल आता शांतपणे लिहिते. फोटो मी चष्मा लावून पाहिला, मग फियोरेन्झोचं भिंग आणून पाहिला. दंव पानांवर होतं, ठीक. पण दंव दिव्यांवरही होतं, अगं! पेटलेल्या दिव्यांवर! सकाळपर्यंत तसंच! तुझे ते वाइगेल्ट म्हणतात, वीज खात नाही. जे खातच नाही ते ऊब कुठून देणार? चूल लाकूड खाते म्हणून तापते. तुम्ही झाडाभोवती गार चांदणं गुंडाळून ठेवलंय.

जुने बल्ब शोध. पिवळे, तारेचे, हात लावला तर चटका देणारे. आमच्याकडे दुकानांत मिळत नाहीत, तुमच्याकडेही मिळत नसणार. पण तू त्या गावात राहतेस जिथं कुणी कधी काही फेकत नाही. विचार सगळ्यांना. लाज बाळगू नकोस.

मी रात्रीची नीट झोपले नाही. फियोरेन्झोला काळजी वाटते म्हणून लिहिते आहे. मला काय, माझ्याकडे पन्हळीत ढीग आहेत.

रोसविथा


रोटेनबाख, ११ नोव्हेंबर

प्रिय रोसविथा,

सगळं सांगते. कॉफी घेऊन बस, कारण आम्हाला त्या दिवशी मिळाली नाही.

तू फोन आपटलास तशी मी कुबडी घेऊन वाइगेल्टच्या दारात. "हातमोजा काढा आणि तुमच्या आधुनिक दिव्याला हात लावा." ते आले, हात लावला. दुसऱ्या हाताने लावला. मग गाल लावला! माणूस एकदम पिवळा पडला. म्हणाले, "गेर्लिंडेबाई, मी तुमच्या झाडाला सजवलं फक्त." मला रागवायचं होतं, पण त्यांचा चेहरा बघून रागवता आलं नाही.

शनिवारी दुपारी त्यांनी घंटा वाजवून सगळ्या वसाहतीला वसाहतीच्या सभागृहात बोलावलं आणि उभं राहून स्वतःची चूक सांगितली. मग म्हणाले, "आज उणे बारा होणार. आपल्या प्रत्येकाच्या माळ्यावर नाताळच्या दिव्यांची जुनी पेटी आहे. खिडकीत ठेवायच्या दिव्यांच्या कमानी, पिवळ्या बल्बच्या माळा. त्या पाहिजेत. आत्ता."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तुला कारण सांगायला नको, तू इथलीच आहेस. मृतांचा रविवार अजून दोन आठवड्यांवर! त्या रविवारी आपण थडग्यांवर फांद्या घालायच्या, आणि त्यानंतरच माळ्यावरची पेटी खाली येते. त्याआधी दिवा लावणारं घर म्हणजे निर्लज्ज घर. आठवतं, त्या नव्या शिक्षिकेने एकदा आठवडाभर आधी कमान लावली होती, तर तिला दुकानात पावसुद्धा तोंड फिरवून देत होते. शेजारच्या बागेतला बाल्डाउफ म्हणाला, "झाडासाठी जीव देईन, पण माझी बायको मला पेटी काढू देणार नाही." बायको शेजारीच बसली होती, तिने मान डोलावली.

सगळ्यांच्या नजरा उलिग आजींकडे वळल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्यांच्या खिडकीत कमान पेटल्याशिवाय आमच्या गल्लीत कुणी बटण दाबत नाही. त्यांचा बाप आणि दोन भाऊ खाणीत गेलेले, दरवर्षी त्या रविवारी तिन्ही थडग्यांवर सगळ्यात आधी त्या असतात. मला वाटलं, संपलं. इथेच संपलं.

आजी काठीवर हनुवटी टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मृतांचा रविवार कुणासाठी?"

"मृतांसाठी," वाइगेल्ट म्हणाले.

"आणि गेर्लिंडेचं झाड मेलंय का?"

"नाही अजून."

"मग त्याचा त्याच्याशी काय संबंध? चला, माझी पेटी कोण खाली काढतंय? माझे गुडघे माळ्याएवढे उंच जात नाहीत."

रोसविथा, खुर्च्या आपटल्या! जो तो घराकडे धावत सुटला. हातगाड्यांवर, पोरांच्या घसरगाड्यांवर, एकाने तर चक्क बाबागाडीत भरून पेट्या आणल्या. आपल्या आजोबांच्या काळातल्या माळा, कापडी वायरीच्या, मेणबत्तीसारखे बल्ब. बाल्डाउफची बायको स्वतः सोळा दिव्यांची माळ गळ्यात घालून आली आणि म्हणाली, "कुणी हसलं तर काढून नेईन." वाइगेल्टनी प्रत्येक बल्ब स्वतः गालाला लावून तपासला आणि जो तापला तोच घेतला. आतून माळा, वर पांढरं कापड, त्यावर चादरी, शेंड्याशी आजींची कमान. तीही त्यांनी मागितली नसताना दिली. म्हणाल्या, "डोकं महत्त्वाचं."

विजेचा प्रश्न आला. एकाच बागेतल्या झोपडीवर भार पडला तर फ्यूज उडणार, म्हणून आठ बागांतून आठ वायरी ओढल्या. वाइगेल्ट मीटरच्या खोक्यापाशी मोजपट्टी हातात घेऊन उभे राहिले आणि जाहीर केलं, "आज या वसाहतीत कुणी कॉफीची किटली लावली तर सदस्यत्व रद्द!" सगळे थर्मासमधली गरम वाइन प्यायले आणि कुणाची तक्रार नव्हती.

अंधार पडू लागला तेव्हा बटणं दाबली. गोणपाट पुरलं नव्हतं, नुसतं पांढरं कापड आणि चादरी, त्यामुळे लपवायचं म्हटलं तरी काही लपलं नाही. अख्खा पाम आतून पेटला. उतारावरच्या सगळ्या बागा पिवळ्या झाल्या, खालच्या रस्त्यावर गाड्या थांबल्या. पाद्री चालत वर आले. आम्ही सगळे शाळेतल्या पोरांसारखे रांगेत उभे राहिलो. त्यांनी कापडाच्या फटीतून हात आत घातला, दोन्ही हात शेकले, म्हणाले, "मी काही पाहिलं नाही," आणि शेकतच राहिले.

सकाळी बाहेर उणे बारा. आत, घोसांपाशी, शून्याच्या वर! माझ्या केळी पोत्यांत काळ्या पडून लोळल्या, डेलिया गेले, वाइगेल्टचं अंजीर पण गेलं, आणि ते मात्र माझेच घोस मोजत बसले. बाहेरच्या झावळ्यांची टोकं करपलीत. पण मधला कोंब ओढून पाहिला, घट्ट. घोस हिरवे, टणक, एकही दाणा गळला नाही. मी आजींना मिठी मारली तर कुबडी खाली पडली, आणि दहा माणसं ती उचलायला वाकली.

तू भिंगातून पाहिलंस म्हणून हे झालं. तू इथे नसताना तू ते वाचवलंस, हे मी सगळ्यांना सांगितलं. आता सगळे विचारतात, ती बहीण येणार कधी?

तुझी,
गेर्लिंडे


रोंकेटो, १९ नोव्हेंबर

प्रिय गेर्लिंडे,

पत्र फियोरेन्झोला मोठ्याने वाचून दाखवलं. उलिग आजींच्या ठिकाणी मला चष्मा पुसावा लागला, तर पुढचं त्याने वाचायचा प्रयत्न केला, पण त्याला तुझं अक्षर लागत नाही. मग मीच पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्याने दोन दिवस पन्हळीतलं एकही रोप उपटलं नाही. विचारलं तर म्हणाला, "शिडी ओली आहे."

तरीही स्पष्ट लिहिते. टणक आणि हिरवं म्हणजे पिकलं नव्हे. शर्त ती शर्त.

बाकी इकडे सगळं ठीक. स्टेशनवरून वर गावात येणारी बस अजून आहे का? सहज विचारते. आणि हल्ली लोक बर्फात कसले बूट घालतात, पूर्वीसारखे जड की हलके? फियोरेन्झोला उगाच उत्सुकता आहे.

बल्ब दर दोन दिवसांनी तपासत जा. एक गेला तर सगळी माळ जाते.

तुझी रोसविथा


रोटेनबाख, १० डिसेंबर

प्रिय रोसविथा,

सोबतच्या डबीत कापसात सात दाणे आहेत. शाई नाही. थुंकी लावून घासून बघ.

आता सगळ्या गावात कमानी पेटल्यात, आमचा पाम त्यांच्यातला थोरला. आपापल्या माळा परत न्या म्हणून मी सगळ्यांना सांगितलं, तर कुणी न्यायला तयार नाही. उलिग आजींच्या खिडकीत यंदा अंधार आहे आणि जो येईल त्याला त्या सांगतात, "माझी कमान वर बागेत आहे, तिकडे जाऊन बघा." लोक येतात, टोपी उचलून घोस दाखवावे लागतात. वाइगेल्टनी झाड परत मोजलं. मी म्हटलं, झालं, आता चिठ्ठी. पण त्यांनी खिशातून वही न काढता मोजपट्टी घडी केली आणि म्हणाले, "अजून थोडं वाढायला हरकत नाही."

रंग गेल्या आठवड्यात धरायला लागला. आधी एक बाजू, मग सगळं. काल सकाळी निळं-काळं, वर पांढरी भुकटी, जशी तू म्हणालीस तशीच. मी तिथेच बागेत उभी राहून मोठ्याने तुझं नाव घेतलं. शेजारच्यांना वाटलं मी पडले.

शर्त पुरी झाली. पण शर्तीपुरतं येऊ नकोस. मला तुला आपल्या स्वयंपाकघरात बसलेली बघायचंय. एवढंच खरं कारण आहे, आणि ते मी खुबा, पाम, पैज सगळ्यांच्या मागे लपवत होते. बस अजून आहे. बूट आता हलके असतात.

तुझी,
गेर्लिंडे


रोंकेटो, १५ डिसेंबर

प्रिय गेर्लिंडे,

फियोरेन्झोने एक दाणा पाटावर ठेवून सुरीने कापला. आत पांढरं, दगडासारखं घट्ट. हा माणूस आयुष्यभर या बिया झाडूने लोटत आला. त्याने तो अर्धा दाणा मला दाखवला, टोपी काढली, आणि म्हणाला, "चक्क पिकलंय." उरलेले सहा त्याने आमच्या सगळ्यात चांगल्या कुंडीत लावले आणि कुंडी घरात आणून चुलीशेजारी ठेवली. पोस्टाची बाई पाहून गेली. आता गावभर बोलबाला आहे की आमच्या घरात फियोरेन्झोच्या सासुरवाडीची दुर्मिळ जात आली आहे.

हरले मी. इतक्या आनंदाने कधी कशात हरले नव्हते. बूट मी एकोणीस तारखेलाच घेतले होते, मागच्या महिन्याच्या, तुला पत्र टाकून येताना. ते घालून रोज ओट्यापाशी चालायची सवय करते आहे, फियोरेन्झो हसून हसून लोळतो. तोही येतोय, लोकरीच्या तीन बनियनींसकट.

बावीस तारखेला संध्याकाळच्या बसने येतो. उलिग आजींना सांग की सगळ्यात आधी त्यांचे हात हातात घ्यायला येईन, आणि वाइगेल्टना सांग की मला मोजू नका, मी रुंदीला नियमाबाहेर गेले आहे. तू मात्र स्टेशनवर यायचं नाहीस. निसरडं असेल, आणि तुझा पाय नवा आहे. घरीच थांब आणि दार उघडं ठेव.

रस्ता मला सांगू नकोस. चौकातून वर, खाणीच्या दरवाज्यावरून डावीकडे, मग तो चढ. थंडीला कितीही शिव्या दिल्या तरी, अगं, पस्तीस वर्षं रोज झोपण्याआधी मी तोच चढ चढून घरी येते आहे.

तुझी थोरली,
रोसविथा